पाळण्याच्या दोरीची आगाऊ परवानगी

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
श्री कौसल्यानंदन देवस्थान न्यास,
न्यास कार्यालय, तेलीबांधा तळ्यासमोर,
रायपूर (छत्तीसगड)

अर्जदार: यज्ञेश्वर माधवराव पांढरीपांडे, सेवानिवृत्त कारकून, रेल्वे माल कार्यालय, राहणार देवळामागे, गुढियारी, रायपूर.

विषय: अर्जदाराच्या संभाव्य मृत्यूनंतर अर्जदाराच्या पत्नीस रामजन्माचा पाळणा हलवू देण्यास आगाऊ परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराच्या पत्नीस आलेले न्यासाचे खुलासा मागणारे पत्र. २) न्यासाने काढलेल्या 'बाहेरगावच्या कलावंतांसाठी सूचना', विशेषतः सूचना क्रमांक सात.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, या रामनवमीला ऐन जन्माच्या वेळी माझी पत्नी सुनीती हिने पाळण्याची दोरी सोडली, म्हणून न्यासाने तिच्याकडे खुलासा मागितला आहे. पत्र तिच्या नावाचे आहे, पण खुलासा मी देत आहे. ती लिहायला बसली होती. 'महोदय' एवढे लिहून झाल्यावर तिला रडू आले आणि कागद ओला झाला. न्यासाला ओला कागद पाठवणे बरे दिसत नाही. शिवाय खुलाशाबरोबर मला एक अर्जही करायचा आहे आणि तो तिला कळू न देता करायचा आहे, म्हणून दोन्ही एकत्र सादर आहेत. आपल्या कार्यालयातील मुलांना मराठी वाचायला त्रास होतो हे जाणून अक्षर मोठे काढले आहे.

२. प्रथम हे स्पष्ट करतो की, न्यासाच्या सूचनांना माझा मुळात विरोध नव्हता. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, जसा देश तसा वेश, हे मलाही पटते. सूचना पहिल्यांदा निघाल्या त्या वर्षी गणपतीत नागपूरहून आलेल्या वाद्यवृंदातील मुलींनी जे कपडे घातले होते आणि आपल्या पोट्ट्यांनी ज्या शिट्ट्या मारल्या होत्या, त्या दोन्हींची मला लाज वाटली होती. (सूचना फक्त कपड्यांबद्दल निघाल्या, शिट्ट्यांबद्दल निघाल्या नाहीत, हे जाता जाता नमूद करतो.) पण बोट धरू दिले की मनगट धरायचे, तसे पुढे झाले. दुसऱ्या वर्षी अमरावतीच्या नाटक मंडळीला नाटकातली दारूची बाटली काढायला लावली. बिचाऱ्या नटाने लिंबू सरबताचा पेला घेतला आणि सरबत पिऊन तो तिन्ही अंक झिंगत राहिला. त्यानंतर जादूगार आला. त्याला कळवण्यात आले की, लग्नाच्या बाईला पेटीत घालून करवतीने कापणे आपल्या संस्कारांत बसत नाही, पुरुष कापावा. पेटीत निजायला येथल्या आपल्या मराठी समाजातला एकही पुरुष तयार होईना, तेव्हा शेवटी कोहळा कापण्यात आला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होतो. कलावंत हसून घेतात, नारळ घेतात आणि सकाळच्या गाडीने परत जातात. आपले काय जाते, असे आम्हाला वाटत असे.

३. वर्ध्याच्या ह.भ.प. विनोदिनीबाई आर्वीकर या कीर्तनकार. देवासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला न्यासाने कलावंतांच्या सूचना का लावल्या, हे मला अजून समजलेले नाही, पण लावल्या. रामनवमीचे कीर्तन वर्षानुवर्षे त्याच करत आल्या आणि उतरायला आमच्याच घरी असत. तबल्यावर त्यांचे यजमान गौतमराव. बाईंनी न्यासाशी किती जुळवून घेतले, याला मी साक्षीदार आहे. एका पदाची चाल सिनेमातल्या गाण्यासारखी वाटते, असे कोणी म्हणाले. त्यांनी चाल बदलली. विनोद फार होतात म्हटल्यावर विनोद कमी केले. सीतात्यागाचे आख्यान लावू नये असे ठरले, कारण ते ऐकून बायकांना रडू येते आणि त्या घरी जाऊन नवऱ्यांना प्रश्न विचारतात. त्यालाही त्या 'बरं' म्हणाल्या. आमच्या ओसरीत तबल्याचे गट्टे ठोकत गौतमराव हसायचे आणि म्हणायचे, "रामानं सीतेले एकदाच वनात धाडलं, तुमचा न्यास दरसाल धाडून राहिला." हे वाक्य त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेले.

४. गेल्या कार्तिकात गौतमराव वारले. पुढे माघ महिन्यात न्यासाचे पत्र बाईंना गेले. पत्राची भाषा अत्यंत सभ्य होती. त्यात दुःखात सहभागी असल्याचे कळवून पुढे लिहिले होते की, बाईंनी नेहमीप्रमाणे यावे, परंतु नव्याने घातलेल्या सूचना क्रमांक सातप्रमाणे जन्माचा भाग, पाळणा व आरती हे शुभकार्य सुवासिनीने अथवा पुरुष कलावंताने करायचे आहे, तरी त्या वेळेपुरते बाईंनी गादीवरून खाली उतरावे. मला वाटले, आता तरी बाई नाही म्हणतील. त्या नाही म्हणाल्या नाहीत. सुनीतीला फोनवर म्हणाल्या, "तुमच्या गावची रीत असंन तर उभी राहीन मी बाजूले. ह्यांच्या माघारी पहिलंच कीर्तन आहे. घरी बसून तरी काय करू?" ज्या माणसाला जायला दुसरी जागाच नाही, ते माणूस कुठल्याही अटीला होच म्हणते. त्याला न्यासाने आपल्या सूचनांचा विजय समजू नये, ही विनंती.

५. आता प्रश्न आला की बाईंच्या जागी जन्म कोण सांगणार. रामनवमीला बारा वाजता हिंदुस्थानातला एकही कीर्तनकार मोकळा नसतो, ही गोष्ट सूचना करताना कोणाच्या ध्यानात आली नाही. दुर्ग झाले, बिलासपूर झाले, राजनांदगाव झाले. शेवटी कार्यवाहांनी तोड काढली. करोनानंतरच्या पहिल्या उत्सवात न्यासाने बाईंच्या कीर्तनाचे रेकॉर्डिंग केले होते, तेच जन्माच्या वेळी लावायचे. सभेत कोणी शंका काढली की आवाज तर त्यांचाच आहे. त्यावर कार्यवाह म्हणाले, "रेकॉर्डिंगमधल्या बाई सुवासिनी आहेत." हे वाक्य आपल्यासमोर उच्चारले गेले आणि आपण मान डोलावली. पुढील सर्व अर्ज या वाक्यावर आधारलेला आहे, म्हणून ते जसेच्या तसे उतरवून घेतले आहे.

६. प्रत्यक्ष प्रसंग आपण पुढच्या रांगेत बसून पाहिला आहेच, तरी आपली पाठ बाईंकडे होती म्हणून सविस्तर निवेदन करतो. विनोदिनीबाईंनी आख्यान कौसल्येच्या महालाच्या दारापर्यंत आणले. दासी धावत आहेत, दशरथ येरझाऱ्या घालतो आहे, इथपर्यंत. मग त्यांनी देवाला नमस्कार केला, चिपळ्या गादीवर ठेवल्या आणि खांबांमागे, जिथे आपण सगळे चपला काढतो त्या मांडणीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तेवढीच जागा रिकामी होती. सुनीती पाळण्यापाशी दोरी घेऊन तयार होती. भोंग्यातून आधी पेटी वाजली. मग कोणीतरी खोकले. मग गौतमरावांचा आवाज आला. त्यांना तबल्यावर बसल्या बसल्या बाईंशी हळूच बोलायची सवय होती आणि त्या वर्षी ध्वनिक्षेपक त्यांच्या फार जवळ ठेवला होता. सबंध देवळाला ऐकू आले, "विनू, घाई नको. बारा व्हायचे आहेत अजून." आणि चपलांजवळ उभ्या असलेल्या बाईंनी सवयीने मान हलवली. 'हो' म्हणताना हलवतात तशी.

पुढे तबल्यावर थाप पडली आणि बाईंच्याच आवाजात पाळणा सुरू झाला. बाईंनी पदर तोंडात धरला. त्या आवाज करत नव्हत्या, कारण कार्यक्रमात व्यत्यय आणू नये अशी सूचना क्रमांक दोन आहे.

७. खुलासा असा की, माझ्या पत्नीने ती मान हललेली पाहिली. तिने दोरी सोडली, गर्दीतून वाट काढत ती बाईंजवळ गेली आणि त्यांना धरून उभी राहिली. दोघीही रडल्या. पाळणा आपल्या झोकाने थोडा हलला आणि थांबला. रेकॉर्डिंग मात्र चालूच होते, वेळ झाली म्हणून गुलाल उधळला गेला, शंख वाजला, सुंठवडा वाटला गेला. राम जन्मला तेव्हा त्याच्या पाळण्याजवळ कोणीही नव्हते, हे न्यासाच्या पत्रातील म्हणणे खरे आहे. अर्जदारास ते नाकारायचे नाही. दोरी सोडण्याचे कारण काय, या प्रश्नाचे उत्तर इतकेच आहे की दोरीला त्या क्षणी तिची तेवढी गरज नव्हती. यापेक्षा अधिक कारण तिला विचारूनही सांगता आले नाही.

८. न्यासाने पत्राच्या शेवटी कळवले आहे की, झाल्या प्रकाराचा विचार करता सूचना क्रमांक सात यापुढे स्थानिकांनाही लागू राहील. म्हणजे बाहेरच्यांसाठी केलेला नियम घरी आला. येथून माझा अर्ज सुरू होतो.

९. पाळण्याचा मान सुनीतीकडे कसा आला, हे आपल्याला कदाचित ठाऊक नसेल. आपण त्या वेळी लहान होता. आम्हाला मूल नाही. पाळण्याचा मान लेकुरवाळीचा, असा आपल्या समाजातला जुना दंडक. एका रामनवमीला ज्यांचा मान होता त्या बाई लेकीच्या बाळंतपणाला भिलाईला गेल्या होत्या. आपले आजोबा कै. रामकृष्णपंत तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनी सभामंडपाच्या टोकाला भिंतीशी बसलेल्या सुनीतीला नाव घेऊन बोलावले. बायकांत कुजबुज झाली. एकीने नको तो शब्द मोठ्याने उच्चारला. रामकृष्णपंत सगळ्यांदेखत म्हणाले, "पाळणा हातानं हलवतात बाई, कुशीनं नाही." त्या दिवसापासून दोरी तिच्या हातात आहे. तेही अध्यक्ष होते आणि तेही स्थानिक संस्कारच होते, ही नोंद घ्यावी.

त्या एका दोरीवर माझ्या बायकोने संसार केला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. फाल्गुन लागला की ती पाळण्याच्या कड्यांना तेल लावून यायची. रामासाठी दरवर्षी नवे दुपटे शिवायची आणि जुने धुऊन आमच्या अंगणात वाळत घालायची. शेजारच्या रीनादीदी गुढियारीत नवीन राहायला आल्या, तेव्हा दोरीवरचे दुपटे पाहून त्यांनी कुंपणापलीकडून विचारले, "दीदी, किसका बच्चा आया है?" सुनीती लाजली. इतकी वर्षे झाली, पण तिला तशी लाजलेली मी पुन्हा पाहिलेली नाही. महोदय, तिने आयुष्यात एकच पाळणा हलवला आहे.

१०. माझ्या प्रकृतीविषयी: माल धक्क्यावर सिमेंट आणि कोळसा उतरताना नोंदी घेण्यात माझी नोकरी गेली. ती धूळ आता छातीत बसली आहे आणि निघायला तयार नाही. डॉक्टर तरुण आहेत, मला अंकल म्हणतात. शेवटच्या तपासणीत म्हणाले, "अंकल, गर्मी निकल जाए, फिर देखते हैं।" पुढच्या रामनवमीचे त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. समाजात ही बातमी माझ्याआधी पोचली आहे. उत्सवाच्या दिवशी सुंठवड्याच्या रांगेत कोणीतरी सुनीतीच्या मागे उभे राहून म्हणाले, "आता पुढल्या साली हिचीच पाळी." कोण म्हणाले हे मला माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांनाही एक दिवस नवरा नसेल.

घरी आल्यावर सुनीतीने पाय धुतले नाहीत, पाणी घेतले नाही. माझ्यासमोर बसून तिने विचारले, "तुमी गेल्यावर हे लोक मले कुठं उभं करतीन? तिथंच का, चपलांपाशी?" चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात तिच्या प्रत्येक प्रश्नाला मी काही ना काही उत्तर दिले आहे, पुष्कळदा चुकीचे दिले आहे, पण या प्रश्नाचे उत्तर न्यासाच्याच हातात आहे, म्हणून हा अर्ज लिहायला घेतला. तेव्हापासून तिने सोमवार धरले आहेत. मी जगावे म्हणून उपास करते. माझ्यासाठी करते की दोरीसाठी, हे मी विचारलेले नाही. दोन्हींसाठी करत असली तरी माझी हरकत नाही. पण तिचा चेहरा उतरत चालला आहे, आणि आता मला मरायची भीती वाटत नाही, मेल्यावर तिच्या हातून दोरी निसटेल याची वाटते. बायकोच्या आयुष्यातला एकुलता एक मान आपल्या मरणाने जावा, यासारखा नवऱ्याचा नालायकपणा नाही. हे लिहिताना मला रडू येत आहे, तरी कागद बाजूला धरला आहे.

११. न्यास 'स्थानिक संस्कार' हा शब्द वारंवार वापरतो, म्हणून थोडे धाडस करून विचारतो की स्थानिक म्हणजे कोण? माझे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून येथे आले. आपले घराणे त्याच्या फार आधी, भोसल्यांच्या फौजेबरोबर आले. लवकर आला तो यजमान आणि उशिरा आला तो पाहुणा, एवढाच आपल्यात फरक आहे. जे खरोखर या मातीचे आहेत, त्यांना मी विचारून पाहिले. घडला प्रकार ऐकून रीनादीदी म्हणाल्या, "महतारी तो महतारी होथे भैया, का अहिवाती अउ का रांड़ी." आई ती आईच, नवरा असो की नसो, असा त्याचा अर्थ. हे त्यांनी तांदूळ निवडता निवडता सांगितले. त्यासाठी सभा बोलवावी लागली नाही.

हा कौसल्येच्या माहेरचा प्रदेश आहे, हे येथे शेंबडे पोरही सांगेल. म्हणून राम येथे सगळ्यांचा भाचा आणि भाच्याच्या पाया पडायची येथली रीत. रीनादीदींचे पन्नाशीचे भाऊ एवढ्याशा भाच्याच्या पायांवर डोके ठेवताना मी पाहिले आहेत. आपल्या देवळाचे नावही रामाच्या आईवरून ठेवलेले आहे. दशरथ गेल्यानंतर कौसल्येचे काय झाले, याचा सूचना करताना विचार झाला होता काय? चौदा वर्षांनी मुलगा परत आला तेव्हा ती विधवाच होती. सूचना क्रमांक सात लावायची, तर स्वतःच्या मुलाच्या जन्मोत्सवात तिला स्वतःच्या माहेरी चपलांजवळ उभे राहावे लागेल. ती आली तर तिला तसे सांगायला कार्यवाह जाणार की आपण, हेही ठरवून ठेवावे.

१२. वाद घालणे हा माझा हेतू नाही. आयुष्यभर मी साहेबांना अर्ज लिहिले आहेत आणि मला ठाऊक आहे की नियम चुकीचा आहे असे म्हटल्याने काम होत नसते. नियमात बसवून दिले तर होते. म्हणून अर्जदार नियमात बसणारा मार्ग सुचवत आहे.

न्यासाने स्वतःच मान्य केले आहे की रेकॉर्डिंगमध्ये ज्या बाईचा नवरा जिवंत आहे, ती बाई रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत सुवासिनी असते. त्याच न्यायाने मी माझे रेकॉर्डिंग करून ठेवले आहे. सुनीती भाजी आणायला गेली असताना रीनादीदींनी मोबाइल धरला. समोर बसल्यावर काय बोलावे ते सुचेना. रीनादीदी म्हणाल्या, "भैया, कुछ तो बोलिए।" मी नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, पत्ता सांगितला. मग खोकला आला, तोही त्यात आहे. शेवटी ऑफिसात हजेरी द्यायचो तसे 'हजर' म्हणालो आणि थांबलो. ते पेन ड्राइव्हवर घेऊन सोबत जोडले आहे. माझ्या पश्चात दर रामनवमीला पाळण्याशेजारी ते लावावे. पाळणा संपेपर्यंत माझी पत्नी नियमाप्रमाणे सुवासिनी राहील आणि दोरी धरू शकेल. गाणे संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करावे, म्हणजे ती पुन्हा होती तशी होईल. यात कोणत्याही सूचनेचा भंग होत नाही, असे माझे नम्र मत आहे. देवळात आधीच भोंगा आहे, त्यामुळे न्यासास निराळी सोय करावी लागणार नाही.

१३. हे लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले आणि मला कळून चुकले की, मेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकत दोरी ओढायला मी माझ्याच बायकोला सांगत आहे. मांडणीजवळच्या त्या बाईंना मी पाहिले आहे. तरीसुद्धा कलम बारा खोडलेले नाही. दुसरा कोणताच मार्ग नसेल, तर तेवढा असू द्यावा. मात्र तो सर्वांत शेवटी वापरावा.

१४. त्याआधी वापरता येण्याजोगा मार्ग पुढीलप्रमाणे असून तोच अर्जदाराचा खरा अर्ज आहे. माझ्या मृत्यूचा दोष माझ्या पत्नीवर धरू नये. मरणार मी आहे, त्यात तिचा काही हात नाही. उलट मी उरावे म्हणून ती उपाशी राहते आहे. मी असलो काय आणि नसलो काय, रामजन्माला दोरी तिच्याच हातात असावी, असे न्यासाने मी ऐकू शकतो तोपर्यंत लेखी कळवावे. गादीवर विनोदिनीबाईंना जन्मापासून आरतीपर्यंत उभे राहू द्यावे. बाहेरून आलेल्या त्या बाईंनी आपल्याशी पुष्कळ जुळवून घेतले; आता एकदा आपण त्यांच्याशी घ्यावे. त्यांच्या कीर्तनाचे रेकॉर्डिंग पुन्हा भोंग्यावर लावू नये. ते त्यांना देऊन टाकावे. त्यात त्यांचा माणूस बोलतो. ते देवस्थानच्या कपाटात ठेवण्याची वस्तू नाही.

१५. शेवटी एक किरकोळ बाब. या अर्जाचे उत्तर माझ्या नावाने यावे, म्हणजे ते मीच उघडीन आणि होकार असेल तर सुनीतीला वाचून दाखवीन. परंतु सभा, कोरम, पुढील सभा असे करता करता उत्तराला उशीर होणे शक्य आहे, आणि मग पाकीट तिच्या नावाने काढावे लागेल. अशा वेळी आपल्या कार्यालयातील मुलगा पद्धतीप्रमाणे तिच्या नावामागे 'श्रीमती' लिहील. त्याची काही चूक नाही, सगळीकडे तसेच लिहितात. पण आजवर तिला आलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर नावामागे 'सौ.' होते, आणि ते पुसले गेल्याचे तिला सर्वांत आधी न्यासाच्या पाकिटावरून कळू नये. उत्तर होकाराचे असो की नकाराचे, तिच्या नावामागे काहीही लिहू नये. नुसते 'सुनीती' लिहावे. ते नाव ती माहेरून येताना घेऊन आली होती. मी जाताना ते घेऊन जाणार नाही.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र,
यज्ञेश्वर माधवराव पांढरीपांडे
गुढियारी, रायपूर
दिनांक: २१ एप्रिल २०२५